बीटल्सचे ड्रायव्हर, सामानवाले, सेक्रेटरी यांच्या चरित्रांवर चाहते एवढे का तुटून पडतात? यातलं आधी कोणतं वाचावं?

प्रश्नाखाली तुम्ही जोडलंय, "शेवटी हे लोक सामानच उचलायचे ना?" त्या एका ओळीसाठी हे उत्तर लिहितोय. नाहीतर बीटल्सवर लिहिणारे इथे माझ्याहून जाणकार पुष्कळ आहेत.

हो, सामानच उचलायचे. मीही उचललंय. ऐंशीच्या दशकात मिरजेतल्या एका ऑर्केस्ट्रात मी साउंडला होतो. साउंडला म्हणजे स्पीकरचे कॉलम उतरवायचे, वायरी ओढायच्या, "हॅलो, माइक टेस्टिंग" म्हणायचं, आणि कार्यक्रम संपून पब्लिक गायकाच्या सह्या घेत असताना त्याच वायरी परत गुंडाळायच्या. तेव्हा हा विषय माझ्या दृष्टीने निव्वळ वाचनाचा नाही.

आता तुमच्या 'का'बद्दल. बीटल्स या इंग्लिश बँडमधले चौघे, जॉन, पॉल, जॉर्ज आणि रिंगो, यांच्याबद्दल सांगण्यासारखं सगळं सांगून झालंय. तेच किस्से मुलाखतींमधून इतक्या वेळा घासले गेलेत की पार गुळगुळीत झालेत. बाजूला उभा असलेला माणूस मात्र वेगळं बघतो. अ‍ॅम्प्लिफायर कोणी बंद केला, चहा कोणी आणला, कोण कोणाशी त्या दिवशी बोलत नव्हतं, हे त्याच्याकडे मिळतं. आणि बीटल्सचा सामानवाला मॅल एव्हान्स, त्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. हा लिव्हरपूलचा टेलिफोन खात्यातला इंजिनिअर. जेवणाच्या सुट्टीत चालता चालता कॅव्हर्न क्लबमधून गाणं ऐकू आलं म्हणून तळघरात उतरला, तो आधी तिथला दारावरचा धटिंगण झाला आणि 1963 मध्ये बीटल्सचा पगारी माणूस. म्हणजे मुळात तो चाहताच. जॉन लेननच्या जागी आपण असतो असं कुठलाच शहाणा चाहता म्हणणार नाही, पण मॅलच्या जागी? सहज असतो. अमेरिकन गायक एल्व्हिस प्रेस्लीचा तर तो एवढा भक्त की 1965 मध्ये एल्व्हिसच्या घरी गेल्यावर त्याची अवस्था काय झाली ते त्यानेच सांगून ठेवलंय. एल्व्हिसने गिटारची पिक, म्हणजे तारा छेडायची छोटी चकती, मागितली. मॅलच्या खिशात पिक कायम असायचीच, पण सूट नेमका धुलाईहून आलेला आणि खिसे शिवलेले. शेवटी स्वयंपाकघरात जाऊन प्लास्टिकचे चमचे मोडून त्याने पिक बनवली. हे एल्व्हिसच्या चरित्रात शोधून सापडणार नाही.

जानेवारी 1963 चा प्रसंग तर मी पाठ केलाय. नेहमीचा ड्रायव्हर नील अ‍ॅस्पिनॉल आजारी, म्हणून मॅल व्हॅन घेऊन निघाला. लंडनहून लिव्हरपूलला परत येताना कडाक्याच्या थंडीत पुढची काच तडकली. त्याने मूठ मारून काच फोडून काढली आणि तसाच तोंडावर वारा घेत तीनशेच्या वर किलोमीटर गाडी आणली. मागे चौघे एकमेकांच्या अंगावर झोपून ऊब धरत होते, सोबत व्हिस्कीची बाटली. दुसऱ्या दिवशी गाडी नव्या काचेसकट हजर. त्याने ती एवढ्या लवकर कुठून बसवून आणली, कोणालाच कळलं नाही.

हे वाचलं आणि पुस्तक बाजूला ठेवलं. कारण हे मी पाहिलंय.

आमचा मॅटाडोरचा ड्रायव्हर होता अण्णा. ड्रायव्हर नावाला. फ्यूज गेला तर अण्णा, जनरेटर सुरू होईना तर अण्णा, गायिकेच्या वडिलांना "पोरगी सुखरूप पोचवतो" म्हणून शब्द द्यायला अण्णा. गणपतीत रत्नागिरीकडची सुपारी होती. कार्यक्रम रात्री दीडला संपला, आणि दुसऱ्या संध्याकाळी जयसिंगपूरला दुसरी सुपारी, म्हणजे मुक्काम करायची सोय नाही. आंबा घाट चढायला लागलो आणि वायपर बंद पडला. पाऊस असा की हेडलाइटच्या उजेडात नुसती पांढरी भिंत. अण्णांनी गाडी कडेला घेतली, बंडीच्या खिशातली तंबाखूची पुडी काढली, मूठभर तंबाखू ओली केली आणि काचेवर बाहेरून रगडली. जुन्या ड्रायव्हरांना हे माहीत असतं. त्याने पाण्याचे थेंब काचेवर ठरत नाहीत, सपाट वाहून जातात आणि समोरचं थोडंफार दिसतं. पण ते थोडाच वेळ टिकतं. दर चार-पाच वळणांनी उतरायचं, परत रगडायची. मी डावीकडे दार अर्धं उघडून टॉर्चने कडेचे चुना लावलेले दगड दाखवत होतो. "दगड दिसतोय का?" "दिसतोय." "मग गप बस." एवढंच बोलणं, वरपर्यंत. मागे सगळी मंडळी कॉलमांना टेकून झोपलेली. आमचा 'व्हॉइस ऑफ मुकेश' गळ्याला मफलर गुंडाळून घोरत होता.

उजाडता मिरजेत पोचलो. संध्याकाळी जयसिंगपूरला निघालो तेव्हा वायपर चालू. सणाच्या दिवशी दुकानं बंद असताना मोटर आणली कुठून, हे कोणी विचारलं नाही. मी विचारलं. मेव्हण्याच्या गाडीची काढून आणली होती, आणि मेव्हण्याला अजून कळलेलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात एका स्थानिक दैनिकात व्हॉइस ऑफ मुकेशची मुलाखत आली. "प्रवासाचा आम्हाला कधीच त्रास झाला नाही, गणरायाची कृपा."

ठीक आहे. गायक माणूस, बोलून जातो. पण ऑर्केस्ट्राला पंचवीस वर्षं झाली तेव्हा स्मरणिका निघाली. त्यात सराफांच्या जाहिराती, दूध डेअरीच्या शुभेच्छा, निवेदकाची कविता, सगळं आलं. अण्णांचं नाव नाही. ग्रुप फोटोत ते उजव्या टोकाला उभे होते, तर छापताना फोटो कापलेला आणि नुसता त्यांचा खांदा राहिलेला. संपादक कोण, तर हाच व्हॉइस ऑफ मुकेश. मी जाब विचारला. म्हणाला, "अरे, त्याला नाईट मिळत होती ना?"

नाईट म्हणजे दर कार्यक्रमाचे पैसे. मिळत होती. किती, ते माझ्याकडे लिहिलेलं आहे, कारण डिझेल, चहा आणि नाईटचं रजिस्टर मीच ठेवायचो. गायकाच्या नाईटचा चौथा हिस्सा, तोही मंडळाने सुपारीचे पैसे पूर्ण दिले तर. आधी कलाकार, उरलं तर अण्णा.

म्हणून चाहते "किती निष्ठावान हो मॅल!" असं म्हणत गहिवरतात तेव्हा माझं डोकं फिरतं. निष्ठा कसली बघताय, हिशेब बघा. बीटल्सच्या 'अ डे इन द लाइफ' या गाण्याच्या शेवटी जो लांबलचक पियानोचा स्वर येतो, तो वाजवणाऱ्यांत जॉन, पॉल, रिंगो यांच्याबरोबर मॅलचे हात आहेत. जॉर्ज हॅरिसन त्या पियानोंवर नाही, मॅल आहे. त्याच गाण्यात मधले 24 बार, म्हणजे तालाची आवर्तनं, मोजणारा आवाज त्याचा, गजराचं घड्याळ लावलेलंही त्याने. 'सार्जंट पेपर' या अल्बमच्या शीर्षकगीताला हातभार लावल्याच्या नोंदी त्याच्या डायरीत आहेत, रेकॉर्डवर श्रेय नाही. आणि एप्रिल 1969 मध्ये जगातल्या सगळ्यात मोठ्या बँडच्या या माणसाला जॉर्जला सांगावं लागलं की माझ्याकडे पैसे उरलेले नाहीत. पगारवाढ मागायला जीव धजेना, कारण बँडमधल्या पोरांचे दिवस आधीच वाईट चाललेत, असंही त्याने लिहिलंय. हे एक पान वाचण्यासाठी पुस्तक घ्या.

आणि श्रेय देता येत नव्हतं असं नाही. 1966 च्या 'रिव्हॉल्व्हर' अल्बमच्या वेष्टनावर तबलावादक अनिल भागवत यांचं नाव छापलेलं आहे. पुढच्याच वर्षी 'विदिन यू विदाउट यू' हे गाणं वाजवणाऱ्या लंडनमधल्या चार भारतीय वादकांची नावं मात्र छापली गेली नाहीत. अण्णा जोशी, अमृत गज्जर, बुद्धदेव कन्सारा आणि नटवर सोनी ही नावं उजेडात यायला 2017 उजाडलं. छापायची इच्छा असली की जागा होते, आमच्या स्मरणिकेतही डेअरीला अख्खं पान होतंच की.

व्हॉइस ऑफ मुकेशचं यावर म्हणणं, की आतल्या माणसाने डायरी लिहिणं हाच घरभेदीपणा. तो नील अ‍ॅस्पिनॉलचं उदाहरण देतो. नील पॉल आणि जॉर्जच्या शाळेतला, व्हॅन चालवत सुरुवात केली, आणि जन्मात आत्मचरित्र लिहिलं नाही. बरोबर. पण नील 1968 पासून 2007 पर्यंत बीटल्सच्या अ‍ॅपल कंपनीचा प्रमुख होता. एवढी खुर्ची मिळाल्यावर तोंड शिवून बसायला काय जातं? मॅलला तशी खुर्ची मिळाली नाही. तो आठवणी लपूनछपून लिहीत नव्हता, प्रकाशकाशी करार करून लिहीत होता. जानेवारी 1976 मध्ये, हस्तलिखित द्यायच्या काही दिवस आधी, लॉस एंजेलिसमध्ये पोलिसांच्या गोळ्यांनी तो मेला. हातात रायफल होती. वय 40. कागदपत्रं प्रकाशकाच्या तळघरात पडून राहिली, 1988 मध्ये सापडून कुटुंबाकडे गेली, आणि त्यावरून केनेथ वोमॅक यांनी लिहिलेलं चरित्र 2023 मध्ये आलं.

तर आधी तेच वाचा, 'लिव्हिंग द बीटल्स लेजेंड'. जाडजूड आहे. वाचन जमत नसेल तर बीटल्सची सेक्रेटरी फ्रेडा केली हिच्यावरचा 2013 चा माहितीपट बघा. बाई सज्जन आहे, खमंग काही मिळणार नाही. साउंडमधलं कळत असेल तर इंजिनिअर जेफ एमरिक यांच्या आठवणी, पण त्यांच्याच जुन्या सहकाऱ्यांनी त्यातल्या बऱ्याच गोष्टींवर आक्षेप घेतलेत, तेव्हा जपून.

मॅल साधुसंत होता असं समजू नका. बायकोमुलांना मागे टाकून अमेरिकेत गेला, बाहेरची प्रकरणं होती, शेवटी शेवटी नशेच्या गोळ्यांच्या नादी लागला होता. पुस्तक हे झाकत नाही, पण आधार मुख्यतः त्याच्याच कागदांचा आणि घरच्यांचा, हेही लक्षात असू द्या.

आणि तुमच्या गावात ऑर्केस्ट्राचा नाहीतर नाटक कंपनीचा जुना ड्रायव्हर हयात असेल तर त्याला आधी गाठा. मोबाईलवर रेकॉर्ड करा, नाईट किती मिळायची हे विचाराच. आमच्या रजिस्टरचे फोटो मी ऑर्केस्ट्राच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेत. निम्मे जण ग्रुप सोडून गेले, अण्णांच्या मुलाने मात्र फोन केला.

मॅलच्या चरित्राची माझी प्रत कृपया कोणी मागू नये. व्हॉइस ऑफ मुकेशला वाचायला दिलीय, आणि विचारलं की म्हणतो, अजून झालं नाही.