माळ्यावरची बारोलो

प्रश्न : मुलगा नोकरीनिमित्त तुरीनला असतो. गेल्या दिवाळीत आला तेव्हा त्याने इटालियन वाईनची एक बाटली आणली. लेबलवर बारोलो, सेर्रालुंगा द'आल्बा आणि 2016 असं लिहिलंय. 'इतक्यात फोडू नका, मुरू दे' असं सांगून तो परत गेला. ह्यांनी ती माळ्यावर ठेवलीय. एक्स्पायरी डेट कुठेच दिसत नाही. खराब झाली असेल का?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : ताई, आधी बाटली माळ्यावरून खाली काढा, मग पुढचं वाचा.

मुलगा म्हणाला ते बरोबर आहे. बारोलो मुरवण्याचीच वाईन आहे. तिचा कायदाच तसा आहे : पीक निघाल्या वर्षीच्या 1 नोव्हेंबरपासून 38 महिने मुरवायची, त्यातले निदान 18 महिने लाकडी पिंपात. म्हणजे तुमची 2016 ची बाटली 2020 उजाडेपर्यंत विकायलाच परवानगी नव्हती. आणि 2016 हे तिथलं फार चांगलं साल. पोराला कळतंय त्यातलं.

ती एवढी टिकते कशामुळे? तुरटपणा आणि आंबटपणा, दोन्ही भरपूर असल्यामुळे. तिचं द्राक्ष एकच, नेब्बिओलो. मी तिकडं गेलो होतो तेव्हा एका तळघरात कोवळी बारोलो चाखली होती. घोट गिळला आणि ओठ हिरड्यांना चिकटले. कच्चं जांभूळ खाल्ल्यावर होतं ना, तसं. रंग मात्र फसवा; आपल्या कोकम सरबताइतकाच फिकट. हा तुरटपणा म्हणजे सालीतलं, बियांतलं टॅनिन. वर्षानुवर्षं बाटलीत पडून ते एकमेकांत आणि रंगात गुंतत जातं, थोडं गाळ होऊन तळाशी बसतं, आणि वाईन मऊ होते. कडेला विटकरी रंग येतो. वास वाळलेल्या गुलाबाचा आणि डांबराचा. डांबर म्हटल्यावर नाक मुरडू नका, रस्त्यावरच्या डांबराइतका तो उग्र नसतो.

बारोलो हे गावाचंही नाव. पिएमोन्ते प्रांतात आल्बा शहराजवळ लांगे नावाच्या टेकड्या आहेत, तिथल्या अकरा गावांच्या शिवारातच ही वाईन होते. तुमच्या लेबलवरचं सेर्रालुंगा त्यांपैकीच एक. ला मोर्रा गावाकडची बारोलो लवकर मवाळ होते. सेर्रालुंगाची माती वेगळी, तिथली वाईन ताठ आणि सावकाश मुरणारी. मुलगा थांबा म्हणाला तो याचसाठी. या टेकड्यांवर सगळीकडे नेब्बिओलो लावत नाहीत. हिवाळ्यात बर्फ आधी कुठं वितळतं ते जुने लोक बघून ठेवायचे. तो दक्षिणेकडचा उतार नेब्बिओलोला. खालच्या थंड जागेत दुसरी द्राक्षं, नाहीतर हेझलनटची झाडं.

आता तुमच्या माळ्याचं. या वाईनला 12 ते 14 अंश, अंधार आणि शांतता लागते. सांगलीच्या मे महिन्यात स्लॅबखालच्या माळ्यावर काय होतं ते मी सांगायला नको. आपल्या हरिपूरला हळदीची पेवं होती बघा, वर ऊन तापलंय आणि खाली जमिनीत हळद वर्षानुवर्षं निवांत. 2005 च्या महापुरात त्यातली बरीच गेली. तसं पेव घरात असतं तर आणखी दहा वर्षं ठेवा म्हणालो असतो. बूच वर सरकलंय का, गळ्याशी चिकट ओघळ आहे का, बघा. असेल तर ती उन्हानं शिजली समजा. नसेल तर फ्रीजमध्ये भाजीच्या कप्प्यात आडवी ठेवा आणि मुलगा पुढच्या वेळी आला की फोडा. त्याहून जास्त वाट बघू नका.

फोडायच्या आदल्या दिवशी उभी करून ठेवा, गाळ खाली बसेल. जगमध्ये हळूहळू ओता, तळाचा गाळ बाटलीतच राहू दे, आणि दोन तास उघडी ठेवा. सोबत तांबडा रस्सा नको. तिखटानं तुरटपणा आणि अल्कोहोल दोन्ही जास्त झोंबतात. चरबीचं अळणी मटण करा.

प्रश्न : नेब्बिओलोची काडी मिळाली तर आमच्याकडे लावता येईल का?
– एक बागायतदार, तासगाव तालुका

उत्तर : लावता येईल, पण मी लावणार नाही. हे द्राक्ष फुटतं लवकर आणि पिकतं सगळ्यांत शेवटी, ऑक्टोबरात. रात्री गार होत गेल्या की गोडी आणि रंग सावकाश भरतात, आंबटपणाही टिकतो. तिथली वेल हिवाळ्यात पानं टाकून झोपते. आपण तिला एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरात फळ छाटणी करून दोनदा उठवतो; माल येतो फेब्रुवारी-मार्चात, ऊन चढत असताना.

आणि धुकं. तिथं ऑक्टोबरात सकाळी दरी धुक्यानं भरते, टेकड्यांची टोकं तेवढी बेटांसारखी वर दिसतात. इटालियनमध्ये धुक्याला नेब्बिया म्हणतात, त्यावरून द्राक्षाचं नाव पडलं असं मानतात. काहीजण म्हणतात, मण्यावरच्या पांढऱ्या पावडरीमुळं पडलं. आपल्याकडं डिसेंबरात पहाटे धुकं दिसलं की दावण्या रोगाच्या भीतीनं फवारणीचा ब्लोअर सुरू! खुद्द इटलीतही पिएमोन्ते आणि लोम्बार्दीतली वाल्तेल्लिना दरी सोडली तर हे द्राक्ष फारसं कुठं रमलेलं नाही. तुमचा सोनाका आणि बेदाण्याची शेड चालू ठेवा.

प्रश्न : उघडलेली रेड वाईन उरली तर किती दिवस चालते?
– एक वाचक, मिरज

उत्तर : बूच लावून फ्रीजमध्ये ठेवली तर दोन-तीन दिवस. बारोलोसारखी तुरट वाईन कधीकधी दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते. त्यानंतर स्वयंपाकात वापरा. पिएमोन्तेत गोमांस बारोलोत तासन्‌तास शिजवतात. आपण मटणात घालायची तर कांदा परतला की लगेच घाला आणि निम्मी आटू द्या. शेवटी घातली तर सगळा रस्सा आंबट होईल.