देवभक्त उमेदवार आणि तुझं पहिलं मत

अगं,

तुझा भला मोठा मेसेज वाचला. फोनवर दोन ओळींत उत्तर देण्यासारखं नव्हतं म्हणून हे बसून लिहितोय, सावकाश वाच.

तुमच्या मतदारसंघातले ते गृहस्थ देवधर्माचे आहेत, एकादशी मोडत नाहीत, दारूला शिवत नाहीत, शिवाय आपल्यातले, आणि देवाला भिणारा माणूस लुबाडणार नाही म्हणून घरात सगळ्यांचं ठरलंय की मत त्यांनाच. तुला ते पटत नाहीये पण का पटत नाहीये ते सांगता येत नाहीये. बरोबर ना?

मला विचारशील तर चारित्र्य बघायचं, नक्की बघायचं. पण देवपूजा हा चारित्र्याचा पुरावा धरायचा नाही. आणि गोव्यातल्या माणसाला हे मी सांगायची खरं तर गरज नाही, कारण याची परीक्षा तुमच्याकडेच होऊन गेलीय, तू तेव्हा शाळेत होतीस. 2019 च्या जुलैमध्ये काँग्रेसच्या 15 पैकी 10 आमदारांनी भाजपमध्ये उडी मारली. लोक चिडलेले, परत विश्वास कोण ठेवणार, म्हणून 2022 च्या इलेक्शनआधी जानेवारीत काँग्रेसनं आपले उमेदवार बसमध्ये घातले आणि पणजीच्या महालक्ष्मीला नेले, तिथून बांबोळीच्या फुलांच्या खुरसाकडे, म्हणजे क्रुसाकडे, तिथून बेतीच्या दर्ग्यात. तिन्ही ठिकाणी शपथ, निवडून आलो तर पक्ष सोडणार नाही. एकही देव सुटायला नको हा हिशेब. मार्चमध्ये 11 जण निवडून आले आणि सप्टेंबरमध्ये त्यातले 8 भाजपमध्ये! माजी मुख्यमंत्री दिगंबर कामतांना पत्रकारांनी शपथेबद्दल विचारलं तर म्हणाले की मी परत देवळात जाऊन देवाला विचारलं, देव म्हणाला तुला योग्य वाटेल ते कर.

आता यात कामत नास्तिक आहेत असं कोण म्हणेल? माणूस श्रद्धाळू असेलही, माझा त्यावर आक्षेप नाही. पण त्याची श्रद्धा त्याला अडवते की सोयीनं परवानगी देते हे तुला बाहेरून कधीच कळणार नाही, आणि देव काय म्हणाला याची कॉपी आपल्याला मिळत नाही. देवाचं सोड, कायदासुद्धा आडवा आला नाही, कारण पक्षांतरबंदीत दोन तृतीयांश आमदार एकत्र गेले की ते विलीनीकरण म्हणून खपतं. 11 चे दोन तृतीयांश म्हणजे 8. हा आकडा काही आपोआप जुळत नाही हो. आणि जाणाऱ्यांना नावं ठेवताना घेणाऱ्यांनाही विचारायला पाहिजे, ते बरेचदा राहूनच जातं.

आता 'आपल्यातला' म्हणजे काय ते बघू. गोव्याचे मतदार धर्म बघून मत देतात असं बाहेरचे लोक फार ठासून सांगतात. 2012 ला काय झालं? दक्षिण गोव्यात आलेमांव घराण्यातले चौघे उभे होते, चर्चिल, ज्योकिम, वालंका आणि युरी. चारही पडले. म्हणजे ख्रिस्ती मतदारांनीच आपल्या धर्माच्या मोठ्या घराण्याला घरी बसवलं, कारण एकाच घरात किती तिकिटं याचा त्यांना उबग आला होता. त्याच निवडणुकीत भाजपच्या तिकिटावर ख्रिस्ती आमदारही निवडून आले. थोडं मागे जा, जॉर्ज फर्नांडिस मंगळूरचे कॅथलिक, पाद्री व्हायला म्हणून सेमिनरीत घातलेला मुलगा, त्यांनी 1967 ला दक्षिण मुंबईत स. का. पाटलांसारख्या दांडग्याला पाडलं आणि 1977 ला बिहारच्या मुझफ्फरपूरमधून जेलमध्ये बसून जिंकले. तिथे कॅथलिक मतं कितीशी असणार? आणि आमचे अंतुले, 1980 ला महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले, पहिले मुस्लिम मुख्यमंत्री, 1982 च्या जानेवारीत गेले ते धर्मामुळे नाही, सिमेंट आणि देणग्यांच्या भानगडीमुळे. त्यांच्यावर टीका करायला त्यांचा धर्म काढायची गरजच नव्हती, तरी काढणारे होतेच म्हणा.

पण उमेदवाराचा धर्म बघू नकोस म्हणजे तो धर्माबद्दल काय बोलतो तेही ऐकू नकोस, असं नाही हां. ते कान देऊन ऐक. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 123 मध्ये धर्माच्या नावावर मत मागणं भ्रष्ट आचार धरलाय. 1987 च्या विलेपार्ल्याच्या पोटनिवडणुकीत डॉ. रमेश प्रभू जिंकले आणि प्रचारातल्या भाषणांमुळे त्यांची आमदारकी गेली, ती भाषणं करणाऱ्या बाळासाहेब ठाकऱ्यांचा मताधिकारही 6 वर्षांसाठी गेला. आणि गंमत म्हणजे 1995 मध्ये ज्या दिवशी सुप्रीम कोर्टानं प्रभूंची आमदारकी गेली ती गेलीच म्हणून सांगितलं त्याच दिवशी मनोहर जोशींना सोडलं, पहिलं हिंदू राज्य महाराष्ट्रात येईल हे त्यांचं वाक्य कितीही निंद्य असलं तरी धर्माच्या नावानं मत मागणं नव्हे म्हणाले. पुढे 2017 ला 7 न्यायमूर्तींनी 4 विरुद्ध 3 असं ठरवलं की मतदाराच्या धर्माच्या नावानंही मत मागता येणार नाही. तिघांचं म्हणणं मला जास्त विचार करायला लावतं. ज्यांच्यावर धर्म किंवा जात बघून अन्याय झाला त्यांनी तो निवडणुकीत बोलून दाखवायचाच नाही का, असा त्यांचा मुद्दा होता. तेव्हा एखादा उमेदवार आपल्या लोकांवरचा अन्याय मांडत असेल तर लगेच नाक मुरडू नकोस, आणि दुसऱ्यांची भीती घालून मत मागत असेल तर तो आपल्यातला असला तरी सोड.

मग चारित्र्य बघायचं कुठे? फॉर्म 26 मध्ये. उमेदवाराचं अॅफिडेव्हिट, निवडणूक आयोगाच्या साइटवर कुणालाही बघता येतं. त्यात प्रलंबित केसेस असतात, कुठलं कोर्ट, कुठलं कलम, आरोप निश्चित झाले का. मागच्या 5 वर्षांचं रिटर्नमधलं उत्पन्न असतं, स्वतःचं, बायकोचं किंवा नवऱ्याचं, सोनं किती, गाड्या कुठल्या, जमीन कधी आणि केवढ्याला घेतली, सरकारी घराचं भाडं किंवा वीजबिल थकलंय का इथपर्यंत. धर्माचा रकाना त्यात नाही. आणि नुसतं आताचं बघू नकोस, तो आधी उभा राहिला असेल तर जुनंही काढ आणि दोन्ही शेजारी ठेव, पगार आमदारकीचा आणि जमीन कुठून वाढली ते दिसेल. केस असलेल्याला तिकीट दिलं तर का दिलं, दुसरा चांगला का नाही मिळाला, हे पक्षानं जाहीर करायचं असं सुप्रीम कोर्टानं 2020 ला सांगितलंय, आणि तो निवडून येऊ शकतो एवढं कारण चालणार नाही असंही. ती कारणं वाच एकदा, करमणूक होते. स्थळ आलं की मुलगा देवळात जातो ना एवढ्यावर आपण थांबतो का, पगाराची स्लिप मागतो आणि शेजारीपाजारी चौकशी करतो, तेवढं तरी कर.

कुणाचं लग्न मोडलं, कोण कुणाबरोबर राहतं, मांस खातो की नाही, यात मी पडत नाही, तूही पडू नकोस. घरात मारहाण केल्याची केस असेल तर मात्र ते खासगी राहत नाही.

अजून एक, फुकटच्या यात्रा. 2021 ला केजरीवाल येऊन सांगून गेले की हिंदूंना अयोध्या, ख्रिश्चनांना वेलंकणी, मुस्लिमांना अजमेर, साईभक्तांना शिर्डी, सगळं सरकारी खर्चानं. नंतर भाजप सरकारनंही देवदर्शनाची योजना काढली. तुझे आईबाबा गेले असतील तर जाऊ देत, पैसा आपलाच आहे, फक्त घेऊन जाणाऱ्याला पुण्यवान समजू नका म्हणावं.

आणि आजीचं. देवळात नारळावर हात ठेवून तिच्याकडून मत कबूल करून घेतलंय आणि आता दुसऱ्याला दिलं तर देव कोपेल म्हणून ती घाबरलीय, असं तू लिहिलंस. मतदाराला देवाच्या कोपाची भीती घालणं हा त्याच कलम 123 खाली गुन्ह्यासारखाच भ्रष्ट आचार आहे, पण आजीला कलमं सांगू नकोस, हसेल ती. तिला म्हण, मत गुप्त असतं, कुणाला कळत नाही, आणि फारच वाटलं तर देवळात परत गाऱ्हाणं घालून शब्द सोडवून घे. आमदारांना देव परवानगी देतो तर आजीला नाही म्हणेल होय?

तुझं नाव यादीत चढलंय का ते आधी बघ. जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर, यांपैकी कुठल्याही महिन्याच्या 1 तारखेला 18 पूर्ण असलीस तरी चालतं आता, नाव नोंदवायचा फॉर्म 6 ऑनलाइन भरता येतो. शेवटच्या आठवड्यावर ठेवू नकोस, तुझी सवय मला माहितीय.

तुझे सर