घर विकताना विहिरीचे पाणी आणि सांडपाणी

प्रश्न : राजापूर तालुक्यातील आमचे वडिलोपार्जित घर पुण्याच्या एका गृहस्थांना विकण्याचे ठरले आहे. त्यांच्या वकिलांनी पाणी आणि सांडपाण्याविषयीचे कागद मागितले आहेत. पाणी आम्ही आजोबांच्या काळापासून शेजारच्या चुलत्यांच्या विहिरीवरून भरतो; त्याचा कागद कधीच झालेला नाही. काय करावे?

उत्तर : वकिलांची मागणी रास्त आहे. सर्च रिपोर्टमध्ये, म्हणजे वकिलांनी मालमत्तेच्या जुन्या दस्तांचा शोध घेऊन दिलेल्या अहवालात, दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेले दस्त तेवढे दिसतात. विहिरीची वाट किंवा मागील दारचा शोषखड्डा त्यात दिसत नाही.

आपली खरी अडचण विहिरीची आहे. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम १५ नुसार २० वर्षे उघडपणे, विनातक्रार, अखंड आणि हक्क म्हणून पाणी भरले असेल, तर वहिवाटीचा हक्क मिळू शकतो, आणि कलम १९ प्रमाणे तो घराबरोबर खरेदीदाराकडे जातो. परंतु चुलत्यांनी आपुलकीने भरू दिलेले पाणी ही कायद्याच्या दृष्टीने केवळ परवानगी ठरते, आणि अशी परवानगी सर्वसाधारणपणे दुसऱ्याच्या नावे करून देता येत नाही. कोकणात अशी घरे वाडीवाडीत आहेत. नाते टिकून असते तोवर कागदाची आठवणही कुणाला होत नाही. म्हणून हक्क सिद्ध करण्याच्या वादात न शिरता, चुलते राजी असताना, पाणी भरण्याचा, पंप बसवून पाइप नेण्याचा आणि विहिरीपर्यंत ये-जा करण्याचा हक्क त्यांच्याकडून लिहून घ्यावा, तो दस्त नोंदवावा आणि खरेदीखतात त्याचा स्पष्ट उल्लेख करावा. जमीन सामाईक असेल, तर सातबाऱ्यावरील सर्व सहहिस्सेदारांच्या सह्या लागतील. मुंबईतील मंडळी गणपतीला गावी येतात, तेव्हा हे काम होण्याजोगे असते.

शौचालयाची टाकी आणि शोषखड्डा आपल्याच हद्दीत आहे ना, हे मोजणीच्या नकाशावरून पाहावे. जांभा सच्छिद्र असल्याने खड्ड्यातील पाणी विहिरीपर्यंत झिरपू शकते. विहिरीचे पाणी शासकीय प्रयोगशाळेत तपासून अहवाल कागदांना जोडावा. ग्रामपंचायतीचा नळ असल्यास पाणीपट्टी थकीत नसल्याचा दाखला पुरेसा आहे.

विहीर मे महिन्यात आटत असेल किंवा खाडीमुळे मचूळ होत असेल, तर ते खरेदीदाराला आधीच लेखी कळवावे. साध्या चौकशीत न कळणारा, पण आपल्याला ठाऊक असलेला महत्त्वाचा दोष सांगणे हे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार विक्रेत्याचे कर्तव्य आहे, आणि पावसाळ्यात काठोकाठ भरलेली विहीर पाहून गेलेल्या माणसाला तिच्या उन्हाळ्याची कल्पना आपल्याशिवाय कोणी देणार नाही.