टीव्ही आला, नेट नाही, लिंका दोनशे: सुरुवात कुठून करावी?

सर, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. द्विशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी, पट ३१. ग्रामपंचायतीने वित्त आयोगाच्या निधीतून अँड्रॉइड टीव्ही घेऊन दिला, पण वर्गात नेट येत नाही, बाहेर चिंचेखाली उभं राहिलं तरच येतं. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, व्हॉट्सअ‍ॅप गटात दोनशेच्या वर लिंका जमल्यात. आणि तुमचे सहकारी गुरुजी म्हणतात, "टीव्ही लावला की पोरं गप्प बसतात, शिकत नाहीत." तुम्ही विचारलंय की कोणतं अ‍ॅप घ्यावं आणि गुरुजींना तंत्रस्नेही कसं करावं.

मी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळांवर २४ वर्षं शिकवते आहे. त्यातली शेवटची आठ वर्षं आमच्या केंद्रातल्या शाळांना टीव्ही-टॅबच्या बाबतीत जमेल ती मदत करते. आधी गुरुजींबद्दल बोलते. त्यांचं म्हणणं खरं आहे, आणि तुमच्या पूर्ण प्रश्नाचं उत्तर मी त्या एका वाक्यापासूनच सुरू करीन.

आमच्या शाळेत लोकवर्गणीतून प्रोजेक्टर आला तेव्हा मी पहिल्याच आठवड्यात तिसरीला पाण्यावरचा वीस-बावीस मिनिटांचा पाठ लावला. वर्ग इतका शांत कधीच नव्हता. मी मागे बसून शालेय पोषण आहाराची नोंदवही पूर्ण केली. दुसऱ्या दिवशी विचारलं तर मुलांना त्यातलं गाणं तेवढं आठवत होतं. बाष्पीभवन हा शब्दही कुणाला सांगता आला नाही. त्या दिवसापासून मी वर्गात एका वेळी चार मिनिटांपेक्षा जास्त व्हिडिओ लावलेला नाही. चार मिनिटं झाली की थांबवायचं, आणि थांबवल्यावर मुलांच्या हाताला किंवा तोंडाला काम द्यायचं. ते काम आधी ठरवायचं, मग त्याला जोडून व्हिडिओ शोधायचा. आपण बहुतेक जण उलटं करतो. लिंक आली म्हणून ती लावतो.

एक उदाहरण सविस्तर सांगते, म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल. अरविंद गुप्तांचं नाव तुम्हाला माहीत असेलच. टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी करणारे, पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अनेक वर्षं काम केलेले, २०१८ मध्ये पद्मश्री मिळालेले. त्यांच्या संकेतस्थळावर खेळण्यांच्या छोट्या छोट्या फिल्म आहेत, बऱ्याचशा मराठीतही. शिवाय मराठी पुस्तकांचा मोठा साठा आहे, सगळा मोफत. त्यातली काडेपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब वापरून आकार करण्याची फिल्म मी दरवर्षी तिसरी-चौथीला दाखवते.

बाजाराच्या दिवशी सायकलच्या दुकानातून मीटरभर ट्यूब आणायची. दीड-दोन सेंटिमीटरचे तुकडे मी घरूनच कापून नेते. काड्यांची गुलही घरीच खरवडते, ते मुलांच्या हाती देत नाही. वर्गात फिल्म एकदा लावायची, पहिला त्रिकोण जोडून झाला की थांबवायची आणि टीव्ही बंद. मग मुलं कामाला लागतात. तीन काड्या, तीन तुकडे, त्रिकोण. चार काड्या, चार तुकडे, चौकोन. मागच्या वर्षी चौथीतल्या एका मुलीने चौकोन दोन बोटांत धरून दाबला तर तो कलंडून पतंगासारखा झाला. तिने त्रिकोण दाबला. हलला नाही. पुन्हा दाबला. मग शेजारच्या मुलाचा त्रिकोण ओढून घेऊन तोही दाबून पाहिला. मी काहीच बोलले नाही. थोड्या वेळाने तीच उठून खिडकीपाशी गेली आणि शाळेच्या पत्र्याला आधार देणाऱ्या लोखंडी कैचीकडे बोट दाखवून म्हणाली, "बाई, म्हणून तिथं सगळे त्रिकोणच आहेत का?" पुढे बाभळीच्या काट्याने ट्यूबला भोक पाडून तिसरी काडी कशी घालायची, हे बघायला मुलांनीच टीव्ही परत लावायला सांगितला. तेव्हा तो त्यांना हवा होता.

गुरुजींना हा तास दाखवा. त्यांचं मत काय होतं ते मला नक्की कळवा.

आता नेटचं. वर्गात नेट नाही ही अडचण वाटते तेवढी मोठी नाही. चालू तासात नेटवर अवलंबून राहूच नये, शहरातल्या शाळेनेसुद्धा. गोल फिरणारं चक्र बघत ३१ मुलं बसवणं म्हणजे तास गेलाच. शनिवारी सकाळची शाळा सुटली की चिंचेखाली अर्धा तास बसा आणि पुढच्या आठवड्यासाठी फक्त तीन गोष्टी उतरवून घ्या. दोनशेतल्या तीन. बाकीच्या लिंकांचं ओझं मनावर घेऊ नका.

कुठून उतरवायच्या ते सांगते. पाठ्यपुस्तकाशी थेट जोडलेलं हवं असेल तर दीक्षा. २०१७ मध्ये सुरू झालेलं हे सरकारी व्यासपीठ आहे, बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड तिथेच नेतात. पुस्तकाचं पान चुरगळलेलं असेल, कोडवर शाई सांडली असेल, तर कोडखाली सहा अक्षर-अंकांचा एक संकेत छापलेला असतो, तो अ‍ॅपमध्ये टाकला तरी काम होतं. हे अनेकांना माहीत नसतं आणि ते कॅमेऱ्याशी झटत बसतात. दीक्षावरचं साहित्य फोनमध्ये उतरवून नेटशिवाय चालवता येतं.

पुस्तकातल्या क्यूआर कोडची वाट आपल्याकडे कुणी पाडली हे तुम्हाला ठाऊक आहेच. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी. २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला आणि दहा लाख डॉलरमधली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांना वाटून दिली. त्यांचं काम स्वतःच्या वर्गातल्या मुलांची अडचण सोडवण्यापासून सुरू झालं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

वाचनासाठी स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेलं. मराठीत भरपूर गोष्टी, वाचनपातळीनुसार लावलेल्या, पीडीएफ उतरवता येते, छापता येते. आणि त्यांच्या खुल्या परवान्यामुळे मूळ लेखक-चित्रकारांचं नाव ठेवून आपण गोष्टीत बदल करू शकतो, अनुवाद करू शकतो. याचा उपयोग मी असा केला. आमच्याकडची मुलं घरी अहिराणी बोलतात. पहिलीच्या मुलाला "मला भूक लागली" हे वाक्य वाचायचं असतं, त्याच्या तोंडी "माले भूक लागनी" असतं. मी एका गोष्टीची चित्रं तीच ठेवली, खाली अहिराणी वाक्यं लिहिली, त्याखाली मराठी. पहिल्या दिवशी अहिराणी ओळ वाचली आणि वर्ग इतका हसला, इतका खूश झाला की मला पाच वेळा वाचावी लागली. महिन्याभरात खालची ओळ मुलं स्वतःच वाचायला लागली होती.

त्याच्याही पुढचं, आणि याला नेट अजिबात लागत नाही. एका मुलीच्या आजीला शाळेत बोलावलं. "माले काय येस, बाई?" म्हणत ती दारातच उभी राहिली. फोन टेबलावर ठेवून रेकॉर्डिंग सुरू केलं आणि म्हटलं, नातीला झोपवताना सांगता ती गोष्ट सांगा. सात मिनिटं बोलली. ती ध्वनिफीत ब्लूटूथ स्पीकरवर आम्ही अजूनही लावतो. आजी आता नाही, पण तिची गोष्ट दर जूनला पहिलीतली नवी मुलं ऐकतात. तुमच्या गावातही अशी माणसं असतील, त्यांना लवकर गाठा.

मोठ्या मुलांसाठी बालभारतीच्या किशोर मासिकाचे जुने अंक मोफत मिळतात, अगदी १९७१ पासूनचे. उच्च प्राथमिकला गणित-विज्ञान शिकवणारे कुणी हे वाचत असतील तर फेटची सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावर स्वतः करून बघायचे प्रयोग, बघा. नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात हा प्रकल्प सुरू केला. बरीच सिम्युलेशन मराठीत आहेत आणि लॅपटॉपवर उतरवून ठेवली की नेटशिवाय चालतात. तुमच्या वर्गांना त्यातली अपूर्णांकाची पुरतील.

आता यंत्राकडे वळू. केंद्रातून मला येणारे निम्म्याहून जास्त फोन खरं तर यासाठीच असतात.

"पेन ड्राइव्ह लावला, फाइल दिसते, पण चालत नाही." बहुतेक वेळा व्हिडिओचा प्रकार टीव्हीला ओळखू येत नसतो. एमपी४, त्यातही एच.२६४ या प्रकारातला व्हिडिओ जवळपास सगळीकडे चालतो. टीव्हीवर व्हीएलसी हे मोफत अ‍ॅप एकदा टाकून ठेवलं तर बाकीचे प्रकारही चालतात. पेन ड्राइव्ह फॅट३२ या फॉरमॅटमध्ये असेल तर चार जीबीपेक्षा मोठी एक फाइल त्यात बसत नाही, तेव्हा अख्ख्या विषयाची एकच फाइल कुणी दिली तर ती कॉपीच होणार नाही. फाइलींची नावं अंकांनी सुरू करा, इयत्ता आणि पाठाचा क्रमांक, म्हणजे रिमोट हातात घेतल्यावर शोधाशोध होत नाही. फोनवरचं टीव्हीवर दाखवायला बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये सोय असते आणि त्यासाठी इंटरनेट लागेलच असं नाही. घरी एकदा सराव करा, मुलांसमोर पहिल्यांदा नको.

वीज. आमच्याकडे दाब इतका खालीवर होतो की स्टॅबिलायझरशिवाय टीव्ही लावूच नये. मे महिन्यात शाळा बंद करताना मुख्य बटण बंद, प्लग काढलेला, टीव्हीवर कापडी आच्छादन, आणि वायर गुंडाळून डब्यात. एका वर्षी दिवाळीच्या सुट्टीत वायर तशीच लोंबत राहिली आणि उंदरांनी ती कुरतडली. दुरुस्तीला माणूस यायला पाच आठवडे लागले. तेव्हापासून डब्याची जबाबदारी चौथीच्या दोन मुलांवर आहे आणि ती एकदाही चुकलेली नाही. वॉरंटी कार्ड आणि बिल ग्रामपंचायतीकडून मागून त्याचा फोटो काढून ठेवा, कारण बिल शोधण्यातच वॉरंटी संपून जाते.

टंकलेखनाबद्दल एक कळकळीची विनंती. सराव पत्रिका, शब्दपट्ट्या, जे काही कराल ते युनिकोडमध्येच करा, म्हणजे कुठल्याही यंत्रावर अक्षरं तीच दिसतात. जुन्या फॉन्टमधल्या माझ्या शेकडो पत्रिका आज उघडल्या की नुसती चिन्हं दिसतात. आणि पहिली-दुसरीसाठी छापताना ल आणि श कडे लक्ष द्या. राज्य शासनाने २००९ च्या निर्णयात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही मराठी वळणं ठरवून दिली आहेत. संगणकात आपोआप येणाऱ्या टंकात (फॉन्टमध्ये) बऱ्याचदा हिंदी वळणाचा ल आणि श येतो. मोठ्यांना फरक जाणवत नाही, पण नुकतं अक्षर ओळखू लागलेलं मूल अडखळतं. "हे कोणतं अक्षर?" असं मला एका मुलाने "लाल" या शब्दावर बोट ठेवून विचारलं होतं, आणि त्याच्या पाटीवर ल सुंदर काढलेला होता. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा हा टंक मोफत आहे, तो वापरा.

एआयकडून शाब्दिक उदाहरणं करून घेणारे शिक्षकही आता बरेच आहेत. मीही घेते. पण प्रत्येक उदाहरण स्वतः सोडवून आणि भाषा हाताने दुरुस्त करूनच फळ्यावर लिहिते.

मुलांची माहिती मात्र जपा. वर्गाची आधार क्रमांकांची यादी व्हॉट्सअ‍ॅप गटात टाकू नका, कितीही घाई असली तरी. जिला द्यायची त्या एकाच व्यक्तीला द्या. मुलांचे फोटो स्टेटसला लावण्याआधी पालकांना विचारा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यातही १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट आहे. रडणारं, फाटक्या कपड्यातलं, चुकीचं उत्तर लिहिलेल्या पाटीसह उभं असलेलं मूल तर कधीच नको.

आणि गुरुजी. त्यांची निवृत्ती दोन वर्षांवर आली आहे असं तुम्ही लिहिलंय. त्यांना रिमोट शिकवायच्या मागे लागू नका. आमच्या शाळेतही असे एक गुरुजी होते, टीव्हीला हात लावत नसत. मी पडद्यावर स्टोरीवीव्हरच्या गोष्टीतलं एकच चित्र लावायचे, अक्षरं झाकून, आणि त्यांना म्हणायचे, तुम्ही सांगा. ते त्या चित्रावर अर्धा तास गोष्ट रंगवायचे, मुलांना मधेच विचारायचे, "मग पुढं काय झालं असंल?" पान कधी उलटायचं हे ते हाताने खुणावायचे, मी उलटायचे. तिसऱ्या महिन्यात एकदा मी रजेवर होते. परत आले तर मुलांनी सांगितलं, गुरुजींनी स्वतः लावलं.

सध्या इतकंच करा: या शनिवारी काड्यांची ती एक फिल्म, तिसरीच्या गणितातला एक पाठ आणि एक गोष्ट, एवढ्या तीन फाइली उतरवा. तुमच्या टीव्हीचं मॉडेल आणि पेन ड्राइव्ह किती जीबीचा आहे ते इथेच खाली लिहा. फाइल चालली नाही तर पडद्यावर जो संदेश येतो त्याचा फोटो टाका. रात्री नऊनंतर मी बघते.