झेड-स्कॅनमध्ये (नमुना लेझरच्या फोकसमधून पुढे-मागे सरकवत पलीकडचा प्रकाश मोजतात, त्यात) इथेनॉलमधल्या रंगद्रव्याचा अरेषीय अपवर्तनांक (प्रकाशाच्या तीव्रतेबरोबर अपवर्तनांक किती बदलतो ते) अपेक्षेपेक्षा हजारपट जास्त आणि चक्क ऋण येतोय. लेझर ८० मेगाहर्ट्झचा फेम्टोसेकंद आहे, म्हणजे सेकंदाला आठ कोटी अतिशय छोटे पल्स. कुठे चुकतंय?

तुमची जुळणी बहुधा ठीक आहे, पण तुम्ही मोजताय ती उष्णता. आलेखात आधी शिखर आणि मग दरी दिसत असेल, तर संशय आणखी पक्का. द्रव तापला की त्याचा अपवर्तनांक घटतो आणि बीमच्या मधोमध अंतर्गोल भिंग तयार होतं.

हिशेब करून बघा. फोकसपाशी बीमची त्रिज्या २५ मायक्रॉन धरली, तर तिथली उष्णता पसरून जायला साधारण दीड मिलिसेकंद लागतो. तुमचे पल्स मात्र दर १२.५ नॅनोसेकंदांनी येतात. म्हणजे पहिल्या पल्सची ऊब ओसरायच्या आत लाखभर पल्स येऊन गेलेले असतात. एकेका पल्सने वाढणारं तापमान नगण्य असतं, पण साचत जातं.

मीही रंगद्रव्यावर असेच कित्येक आठवडे घालवले. उलगडा झाला तो अॅपर्चर (डिटेक्टरपुढचं छोटं छिद्र) काढून मागे पांढरा कागद धरल्यावर. शटर उघडताच ठिपका बारीक होता, मग बघता बघता फुगला, भोवती वलयं उमटली आणि वलयांचा वरचा भाग चपटा झाला. तापलेला द्रव वर चढत होता! आपल्याला मोजायच्या इलेक्ट्रॉनिक परिणामाला (रेणूंमधल्या इलेक्ट्रॉनांमुळे होणाऱ्या) असा वेळ लागत नाही, तो पल्सबरोबर येतो आणि पल्सबरोबरच जातो.

म्हणून पल्सची ऊर्जा तीच ठेवून पल्स-पिकरने (मोजकेच पल्स पुढे सोडणाऱ्या उपकरणाने) त्यांची दर सेकंदाची संख्या काहीशे हर्ट्झच्याही खाली आणा. खरा परिणाम जागचा हलणार नाही, उष्णतेचा विरून जाईल. नुसता चॉपर (बीम आलटून-पालटून अडवणारी फिरती चकती) लावून भागत नाही, कारण त्याच्या प्रत्येक उघडझापेत पल्सची अख्खी रांग आत शिरते.

आणि क्युव्हेट (द्रावण ठेवायचं काचेचं छोटं पात्र) विसरू नका. एक मिलिमीटरच्या नेहमीच्या क्युव्हेटला दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा मिलिमीटर काच असते. म्हणजे बीम द्रवापेक्षा काचेतूनच जास्त जातो. आधी रिकामं क्युव्हेट, मग नुसतं इथेनॉल, मग द्रावण, असे तीन स्कॅन त्याच ऊर्जेवर घ्या. पडताळ्याला कार्बन डायसल्फाइड वापरत असाल, तर प्रमाण किंमत तुमच्याच पल्स-लांबीची घ्या. त्याच्या रेणूंना प्रकाशाच्या दिशेने वळायला पिकोसेकंदभराहून जास्त वेळ लागतो, त्यामुळे पिकोसेकंद पल्सची किंमत फेम्टोसेकंदला लागू पडत नाही. तो द्रव विषारी आणि अतिशय ज्वलनशील आहे. फ्यूम हूडमध्येच भरा आणि क्युव्हेटचं झाकण घट्ट लावा.