टक्का कशाचा, ते आधी विचारा

प्रश्न : काका नमस्कार. मी मूळचा कराडचा, सध्या इंडियानापोलिसला असतो. तीन वर्षं कंपनीची गाडी चालवली मैलाच्या हिशोबाने, आता स्वतःचा सेकंडहँड ट्रॅक्टर (ट्रेलर ओढणारा ट्रकचा पुढचा भाग) घेतलाय आणि हप्ता पण सुरू झालाय. एका कंपनीकडे गाडी लीजवर लावायची म्हणतोय, त्यांनी दोन ऑप्शन दिलेत. एक, मैलाला १.१५ डॉलर फिक्स, गाडी भरलेली असो की रिकामी, लोड डिस्पॅचर देणार. दुसरं, लाइनहॉलचे, म्हणजे लोडच्या मूळ भाड्याचे, ७२ टक्के, आणि लोड मीच त्यांच्या ॲपवर बघून उचलायचा. डिझेलचा सरचार्ज, म्हणजे डिझेलच्या भावाप्रमाणे वरून मिळणारे पैसे, दोन्हीकडे वेगळा मिळेल. मित्र म्हणतात टक्केवारीच घे, आपल्या मर्जीचा मालक होशील. बायको म्हणते फिक्स घे. काय करू?

उत्तर : कराडचे आहात म्हणजे हायवेवरच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात बसून चहा घेताना ऐकलंच असेल, भाडं किती ठरलं, कमिशन किती कापलं, ॲडव्हान्स किती हातात आला. आणि पार्टीने खरंच किती दिले हे गाडीवाल्याला शेवटपर्यंत कळत नाही. अमेरिकेत पण गोष्ट तीच आहे, फक्त इथे तो कागद मागायचा हक्क कायद्याने दिलाय आणि बरेच जण तो मागतच नाहीत.

मी पण मागत नव्हतो. पहिल्या वर्षी एका कंपनीकडे टक्क्यावर होतो, सेटलमेंटवर, म्हणजे पैशांच्या हिशोबाच्या कागदावर, एका लोडचे २,४५० दिसले, मी म्हटलं ठीक आहे. मग त्याच ब्रोकरचा पुढच्या लोडला फोन आला गाडी कुठे आली विचारायला, आणि बोलता बोलता म्हणाला की मागच्यासारखेच ३,१०० देतोय, लेट नको करू. मी ट्रकस्टॉपवर कॉफी घेऊन उभा होतो, ती तशीच थंड झाली. ऑफिसला विचारलं तर म्हणे मधले आमच्या ब्रोकरेजचे. म्हणजे एकाच मालकाचा एक हात आधी आपला वाटा काढून घेणार, मग उरलेल्यातून दुसरा हात मला टक्का देणार.

म्हणून ७२ टक्के चांगले का वाईट हे मला विचारूच नका, ७२ टक्के कशाचे ते त्यांना विचारा. लीजसाठी फेडरल नियम आहे, सीएफआर म्हणजे केंद्रीय नियमांच्या संग्रहाच्या ४९ व्या टायटलमधला ३७६ वा भाग. त्यात स्पष्ट म्हटलंय की पेमेंट टक्क्यावर असेल तर सेटलमेंटच्या वेळी किंवा त्याआधी रेटेड फ्रेट बिलाची (भाड्याची रक्कम लिहिलेल्या बिलाची) कॉपी, किंवा तीच माहिती असलेला कागद, तुम्हाला दिला पाहिजे. पार्टीचं नाव ते काळं करून देऊ शकतात, रक्कम झाकता येत नाही. पैसे पण डिलिव्हरीचे कागद जमा केल्यापासून १५ दिवसांत. आणि काय काय कापणार, ट्रेलरचं भाडं, इन्शुरन्स, हे सगळं लीजमध्ये लिहिलेलं पाहिजे, तोंडी नको. डिटेन्शनचे, म्हणजे गोडाऊनवर ताटकळत ठेवल्याचे पैसे पूर्ण तुमचे का त्यातही ७२ टक्के, हे पण आत्ताच विचारून घ्या, नंतर भांडण होतं ते यावरूनच.

आता लोड निवडायचं. नवीन माणूस ॲप उघडतो आणि सगळ्यात मोठा आकडा उचलतो, मी पण तेच करायचो. समजा इंडियानापोलिस ते मायामी, साधारण १,१९० मैल, लाइनहॉल ३,२०० डॉलर. तुमच्या वाट्याला २,३०४, मजा वाटते. पण फ्लोरिडात माल जातो भरपूर आणि बाहेर निघतो त्या मानाने कमी, त्यामुळे परतीचं भाडं पडलेलं असतं. १,३०० चं लोड मिळालं असं धरा, तुमचे ९३६, आणि ते उचलायला ११० मैल रिकामी गाडी न्यायची. एकूण ३,२४० डॉलर २,४९० मैलांत, म्हणजे मैलाला १.३०. शिवाय एक दिवस ॲप रिफ्रेश करत बसलात तो वेगळाच.

त्याऐवजी अटलांटा करा, ५३० मैल, जाताना १,३५०, येताना १,०००, चाळीसेक मैल रिकामे. तुमच्या हातात १,६९२ डॉलर, ११०० मैलांना. मैलाला दीड डॉलरच्या वर. आठवड्यात अशा दोन फेऱ्या झाल्या तर ३,३८४, म्हणजे मायामीपेक्षा जास्त आणि गाडी २९० मैल कमी पळाली. आकडे उदाहरणाचे आहेत, बाजार रोज बदलतो, पण हिशोब असाच करायचा. माल उचलतानाच परतीचं बघायचं, आणि मिळालेल्या पैशांना रिकाम्या मैलांसकट सगळ्या मैलांनी भागायचं. दिवसाला ११ तास ड्रायव्हिंगची मर्यादा आहे, ड्यूटीचं चौदा तासांचं घड्याळ एकदा सुरू झालं की गोडाऊनवर बसलात तरी ते थांबत नाही, त्यामुळे वेळ पण खर्चातच धरा.

सरचार्जचं थोडक्यात. बऱ्याच ठिकाणी डिझेलच्या सरकारी साप्ताहिक भावातून १.२० वजा करून सहाने भागतात. भाव ३.८० असेल तर मैलाला ४३ सेंट. तुमची गाडी गॅलनला साडेसहा मैल देत असेल तर डिझेलच ५८ सेंटला पडतं, म्हणजे १५ सेंट खिशातूनच. त्यात काही जण सरचार्ज फक्त भरलेल्या मैलांचा देतात, हे लीजमध्ये बघा.

तर वहिनींचं निम्मं बरोबर आहे. २०२१ मध्ये भाडी आभाळाला टेकली होती तेव्हा टक्क्यावाल्यांनी कमावलं, आणि तेव्हाच महागात गाड्या घेतलेले २०२२ नंतर भाडी कोसळली तेव्हा हप्त्याला महाग झाले. फिक्समध्ये तो फटका आधी कंपनी खाते, टक्क्यात सरळ तुम्ही. बँकेत दोन-तीन हप्ते आणि एका मोठ्या रिपेअरीचे पैसे नसतील तर सहा महिने फिक्स घ्या, पण मध्ये ऑप्शन बदलता येतो हे लिहून घ्या. तोवर ॲप बघता येत असेल तर रोज रात्री बघायचं, मी आज कुठलं लोड उचललं असतं आणि किती सुटले असते ते वहीत लिहायचं. वही सलग दोन महिने १.१५ च्या बरीच वर दिसली तर जा टक्क्यावर.

आणि लोड नाकारला तर काय होतं ते कंपनीच्या जुन्या ड्रायव्हरला गाठून विचारा, ऑफिसात नको. कागदावर निवडायची मुभा असते आणि दोनदा नाही म्हटलं की ॲपवर चांगले लोड उशिरा दिसायला लागतात, असंही चालतं.

प्रश्न : मिस्टर ओनर-ऑपरेटर आहेत, म्हणजे स्वतःचीच गाडी चालवतात, हिशोब मी बघते. गाडी सोडली की एस्क्रोमध्ये, म्हणजे कंपनीकडच्या डिपॉझिटमध्ये, अडकलेले पैसे कधी परत मिळतात? आणि टॅक्सचं काही कापलेलं दिसत नाही. (फ्रेस्नोहून एक वाचक)

उत्तर : ताई, लीज संपल्यापासून ४५ दिवसांत एस्क्रो परत द्यावा लागतो, काही कापलं असेल तर त्याचा हिशोब पण. तो लेखी मागा, फोनवर नको. टॅक्स ते कापतच नाहीत, मिस्टर त्यांचे नोकर नाहीत ना. सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स १५.३ टक्के आणि वर इन्कम टॅक्स, तोही एप्रिल, जून, सप्टेंबर आणि जानेवारीच्या १५ तारखेच्या आसपास आपणच भरायचा. प्रत्येक सेटलमेंटमधून थोडे पैसे वेगळ्या अकाउंटला टाकत चला. जड गाडीचा फॉर्म २२९० चा वर्षाचा ५५० डॉलर टॅक्स पण ऑगस्टअखेर भरायचा असतो, आणि त्याच महिन्यात नेमके टायर निघतात, आमच्याकडे तरी दरवर्षी निघायचे.