माळवद दुरुस्त करावे की लातूरला घर घ्यावे?

प्रश्न : आम्ही औसा तालुक्यातील एका गावात राहतो. वडिलांनी बांधलेले, दगडी भिंतींचे, सात खणांचे (खण म्हणजे दोन तुळयांमधला गाळा) माळवद, म्हणजे मातीच्या सपाट छताचे घर आहे. 1993 च्या भूकंपात ते पडले नाही. परंतु मागच्या भिंतीला तेव्हापासून चीर आहे आणि गेल्या दोन पावसाळ्यांत माजघरात गळू लागले आहे. मी निवृत्त शिक्षक आहे. पत्नीचे गुडघे दुखतात आणि शौचालय परसात आहे. गवंडी म्हणतो, माती उतरवून स्लॅब टाका. मुलगा म्हणतो, त्या पैशांत थोडी भर घालून लातूरला फ्लॅट घेऊ. घर अजून नमुना 8 वर दिवंगत वडिलांच्याच नावे असून आम्ही दोन भाऊ व एक बहीण आहोत. काय करावे?

उत्तर : गावात राहायचे की लातूरला जायचे, हे ठरायला वेळ लागला तरी चालेल, पण जुन्या भिंतींवर स्लॅब टाकण्याचा विचार आपण आजच सोडून द्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आपल्या माळवदाचा भार बऱ्याच अंशी लाकडी खांब आणि तुळयांवर असतो. खांब काढून स्लॅब टाकला की तो सगळा भार मातीत रचलेल्या दगडांवर येतो आणि तो पेलण्यासाठी ती भिंत बांधलेलीच नसते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात हजारो माणसे गेली, ती मुख्यतः अशाच जाड दगडमातीच्या भिंती आणि वर्षानुवर्षे थर चढत गेलेले धाबे, म्हणजे मातीचे छत, अंगावर कोसळल्यामुळे. शंभर चौरस फुटांवर एक फूट माती असली, तर तिचे वजन साधारण साडेचार-पाच टन भरते, आणि पावसात भिजल्यावर आणखी वाढते. तेव्हा माती कमी करावी, हे गवंड्याचे म्हणणे बरोबर आहे. मात्र तिच्या जागी, खांब-तुळया शाबूत असतील तर, पत्र्याचे हलके छप्पर घालावे.

आता त्या चिरेविषयी. आपल्याकडील जुनी भिंत बाहेरून एकसंध दिसते, पण पुष्कळदा ती दगडांच्या दोन पदरांची असते आणि मधली पोकळी चिपा व मातीने भरलेली असते. दोन्ही पदरांना धरून ठेवणारे, आरपार गेलेले लांब दगड नसतील, तर पाणी मुरत गेले की एक पदर हळूहळू सुटतो. सकाळच्या तिरप्या उन्हात भिंतीलगत उभे राहून पाहावे. भिंतीला पोट आल्यासारखे दिसले, किंवा दगडावर ठोकल्यावर आवाज पोकळ आला, तर तेथे पैसे घालू नयेत आणि त्या भिंतीला लागून कोणी झोपूही नये. सिमेंटचा गिलावा हा त्यावर उपाय नव्हे. तो ओल आतच कोंडतो आणि काही वर्षांनी पापुद्र्यासारखा सुटून येतो.

पोट नसेल, नुसती चीर असेल, तर तिच्यावर आडवी काचेची पट्टी दोन्ही टोकांना सिमेंटने चिकटवून शेजारी तारीख लिहून ठेवावी. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. पाया तिच्यात उथळ असेल तर भिंतही तिच्याबरोबर हलते. म्हणून उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा असे तिन्ही ऋतू गेल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. काच तडकली, तर चीर अजून जिवंत आहे. काच टिकली, तरी भूकंपरोधक दुरुस्तीची माहिती असलेल्या स्थापत्य अभियंत्याला एकदा घर दाखवून, दोन्ही पदरांना धरणारे आरपार बांध कोठे घालावेत हे विचारून घ्यावे.

पत्नीचे गुडघे मात्र तीन ऋतू थांबणार नाहीत. ओसरीला लागून, जुन्या भिंतीला हात न लावता, स्वतंत्र पायावर कमोड असलेले छोटे स्नानगृह बांधून घ्यावे. पुढे काहीही ठरले तरी हा खर्च वाया जाणार नाही. रात्री पावसात, बॅटरीच्या उजेडात परसात जाणाऱ्या बाईला आपण घर कोणाच्या सोयीचे मानतो, हे निराळे सांगावे लागत नाही.

त्यापलीकडचा मोठा खर्च भावंडांशी बोलल्याशिवाय करू नये. नमुना 8 ही करआकारणीची नोंद आहे. तेवढ्याने मालकी सिद्ध होत नाही. वडिलांनी मृत्युपत्र केले नसेल, तर बहिणीचा हिस्सा आपल्याइतकाच आहे, आणि आई हयात असल्यास त्यांचाही. वारसनोंद करून मग वाटणीपत्र किंवा हक्कसोडपत्र नोंदवून घ्यावे. स्वामित्व योजनेत गावठाणाची मोजणी झाली असेल, तर मालमत्ता पत्रकही पाहावे. आपण आठ लाख घालावेत आणि पाच वर्षांनी त्यावरून रक्षाबंधन बंद व्हावे, असे होऊ नये.

मुलाच्या म्हणण्यातही तथ्य आहे. दवाखाना जवळ असणे ही आपल्या वयात लहान गोष्ट नाही. परंतु फ्लॅट लगेच घेऊ नये. अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने राहून त्यात एक पूर्ण उन्हाळा काढावा. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे आपण जाणताच. म्हणून इमारतीत नळाला पाणी किती दिवसांआड येते आणि बोअर मे महिन्यात चालतो का, हे तेथील रहिवाशांनाच विचारावे. लिफ्ट आणि भोगवटा प्रमाणपत्र पाहावे. प्लॉट घ्यायचा झाल्यास ती जमीन घर बांधण्यासाठी अधिकृत असल्याचे कागद पाहिल्याशिवाय इसार देऊ नये.

माझे मत विचाराल, तर पोट आलेले नसल्यास मी माती उतरवून मधले तीन-चार खण राखीन, मागची भिंत सोडवून नव्याने बांधीन आणि गावातच राहीन. शेजार, दूधवाला आणि हाक मारली तर धावून येणारी माणसे फ्लॅटच्या किमतीत मिळत नाहीत. पोट आलेले असेल, तर तेच घर उतरवून, तुळया व चौकट जपून, दोन खोल्यांचे नवे घर बांधण्याचा तिसरा मार्ग मुलापुढे ठेवावा. भाड्याने गेलात तरी माळवद कुलूप लावून सोडू नये. सवण्यातून, म्हणजे छतातल्या उजेडाच्या झरोक्यातून, पाणी शिरते, धाब्यावर गवत उगवते आणि बंद घर फार लवकर बसते. मृगाच्या आधी कोणाकडून तरी गवत उपटून पांढऱ्या मातीचा पातळ हात फिरवून घ्यावा, आणि त्याच दिवशी काचेची पट्टीही पाहून यावी.